कंट्रोलची बशी

मार्लिसने तणनाशकाची कुपी हातात घेतली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि न उघडताच परत फ्रिजमध्ये ठेवली. मग पेशी वाढवायचं जेलीसारखं आगर गरम असतानाच तिने सवयीप्रमाणे एकाच बाटलीतून सगळ्या बश्यांमध्ये ओतलं.

बावीस वर्षांत तिने तणनाशक असं कधी वगळलं नव्हतं.

नॉर्थ डकोटातल्या त्या छोट्या गहू केंद्रात काम ठरलेलं होतं. सोन्याच्या धुळीवर जनुकं चढवायची, बंदुकीने ती गव्हाच्या कोवळ्या पेशींवर मारायची आणि त्या पेशी तणनाशक घातलेल्या आगरावर ठेवायच्या. बुरशीला रोखणाऱ्या जनुकासोबत तणनाशक पचवणारंही एक असे. ते ज्यांच्यात शिरलं त्या पेशी जगायच्या, बाकीच्या पांढऱ्या पडून मरायच्या. नऊ वर्षं सगळ्याच मरत आल्या होत्या. तिकडे केंद्राचे शास्त्रज्ञ आणि मार्लिसचे साहेब डॉक्टर ऑर्लिन हॉगस्टाड यांच्या धाकट्या भावाचा, मेल्विनचा गहू दरवर्षी बुरशीने ओंबीतच सडत होता.

"हे शेवटचे बार, मार्लिस," आदल्या दिवशी बंदुकीचा खटका दाबताना ते म्हणाले होते. त्यांचा हात थरथरत होता. "इस्पितळवाले मला जून दाखवायला तयार नाहीत."

"ते शेजारच्या मिनेसोटाचे डॉक्टर. त्यांचं काय मनावर घेता?"

ते हसले. हसताना दुखरं पोट धरावं लागलं. मार्लिसने तोंड फिरवलं. त्या माणसाला रिकाम्या हातांनी जाऊ द्यायचं नाही, एवढं तिने तेव्हाच ठरवलं.

तीन आठवड्यांनी बशीत पाच हिरवे कोंब उभे राहिले. डॉक्टर बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला.

"मेल्विन, जमलं रे बाबा. जमलं!"

पलीकडे मेल्विन काय बोलला ते मार्लिसला ऐकू आलं नाही, पण डॉक्टरांचे डोळे भरून आले.

"आणि कंट्रोल?" फोन ठेवून त्यांनी विचारलं. कंट्रोल म्हणजे नुसतं सोनं मारलेली, जनुकाविना बशी. ती मरायलाच हवी. 'एक वेळ आईवर विश्वास ठेवू नका, पण कंट्रोलवर ठेवा,' असं ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे.

"मेली. टाकून दिली."

सकाळीच ती हिरवीगार बशी तिने कचऱ्याच्या लाल पिशवीत कोंबली होती. एकाच बाटलीतून ओतायची सवय नडली होती; कंट्रोललाही तणनाशक मिळालंच नव्हतं.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता कॉफी दे. आणि तुझी ती लिंबाची वडी असली तर बघ, आज दात पडले तरी चालतील."

पुढे महिनाभर ते शनिवार-रविवारी एकटेच येऊन बसायचे. कोंब बघत असतील, असं मार्लिसला वाटे. आपल्या खोटेपणाची तिला लाज वाटायची आणि त्यांचा उजळलेला चेहरा आठवला की वाटायचीही नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटे ते गेले.

दफनानंतर चर्चच्या तळघरात लोक बटाट्याचा हॉटडिश वाढून घेत होते. मेल्विनने येऊन तिचे दोन्ही हात धरले.

"दादाचा गहू सांभाळा हं, मार्लिसबाई. आता तेवढाच उरलाय."

तिने मान डोलावली, पण मनात भलतंच चाललं होतं. उद्या नवा शास्त्रज्ञ येईल, तो गहू तपासेल आणि मेलेल्या माणसाला लबाड ठरवेल. करायचं तिने आणि भरायचं त्यांनी!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी केंद्रात पोचली. बशीवर तिच्याच अक्षरातलं झाकण होतं. आत मात्र पाचांतला एकच कोंब उरला होता. बाकीचे डॉक्टरांच्या थरथरत्या हातांनी गेले असतील. राहिलेल्याने नुकतंच एक नवं पान काढलं होतं. तिने बशी पिशवीत घातली, पिशवी कडक वाफेने सगळं मारून टाकणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली आणि दार आवळलं. वाफेचा काटा चढत जाईपर्यंत ती तिथेच उभी राहून रडली.

शिटी झाली. आता कोणी त्यांच्याकडे बोट दाखवणार नव्हतं. डोळे पुसून तिने त्यांचं टेबल आवरायला घेतलं आणि वहीचं शेवटचं पान उघडलं.

"१८ एप्रिल. लाल पिशवीत कंट्रोलची बशी सापडली. हिरवीगार. म्हणजे मार्लिसने तणनाशक घातलंच नाही. वेडी बाई. बोललो नाही.

१९ एप्रिल. दोन्हीकडचे कोंब तणनाशकावर हलवले. झाकणं तिचीच ठेवली.

१६ मे. कंट्रोलचे सगळे मेले. आपले चार मेले. पाचवा हिरवा आहे, नवं पान काढतोय. सोमवारी मार्लिसला सांगून तिच्या हवाली करायचा. तिच्याइतका तो दुसरं कोणी जपणार नाही."