घातक कचऱ्याचा शनिवार

नगरपालिकेच्या गाडीवर मालन दर शनिवारी घरोघरचा घातक कचरा गोळा करायची. संपलेले सेल, फुटक्या ट्यूबलाइट, जुनी औषधं. कोपऱ्यावरच्या घरातल्या कुंदाने सलग तिसऱ्या शनिवारी पदराआडून कीटकनाशकाची बाटली काढून दिली. बाटली भरलेली होती, सीलही तुटलेलं नव्हतं.

मालनला संशय आला. या घराला ना शेत, ना बाग. आत सासू खोकत होती.

"एवढं विष कुणासाठी आणतेस? खरं सांग, नाहीतर साहेबांना कळवते."

कुंदाने मागे वळून पाहिलं. "मी नाही आणत, मावशी," ती हळूच म्हणाली. "गिरणी बंद पडल्यापासून आमचे हे बाटली आणून लपवतात. सापडली की मी तुम्हाला देते."

मालनने बाटली डब्यात टाकली नाही. ती हातात धरूनच तिने हाक मारली, "दादा, जरा बाहेर या."

कुंदाचा नवरा बाहेर आला आणि बाटली पाहून थबकला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. "म्हणजे तू काढून नेत होतीस?"

"रोज सगळं घर धुंडाळते," म्हणत कुंदा उंबऱ्यातच खाली बसली. थोड्या वेळाने तोही तिच्याशेजारी बसला. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, पण मालन जागची हलली नाही.