दोराच्या टोकाला

यानाच्या दारावर बाहेरून थाप पडली, तशी कप्तान रखमा ताडकन उठली. बाहेर नुसती पोकळी होती, आणि दोराला बांधलेला भिवा. तिचा धाकटा भाऊ काल खाणीवरच्या दरोडेखोरांशी झालेल्या झटापटीत गेला होता. मेलेल्याला यानामागं ओढत न्यायचं आणि पुढच्या वस्तीच्या मातीत पुरायचं, ही त्या मुलखाची रीत. त्याआधी पोशाखावरची हवेची टाकी काढून घ्यायची. जिथं श्वास मोजून मिळतो, तिथं मेलेल्याला हवा कोण देतो?

रखमाला मात्र भावाची टाकी काढवली नव्हती.

"अरे, जिवंत आहे तो! नुसता बेशुद्ध होता!" रडत-हसत तिनं दाराच्या चाकाला हात घातला.

"अक्का, नको!" म्हातारा केरबा मिस्त्री पांढराफटक पडला होता. "तुमच्यानं झालं नाही, म्हणून कालच मी बाहेर जाऊन टाकी काढून आणली."

त्यानं कोपऱ्याकडं बोट केलं. टाकी तिथंच होती.

रखमानं चाकावरचा हात काढून घेतला. थाप पुन्हा आली. हळूच, दोन बोटांची, लहानपणी खोडी करून घरी आल्यावर भिवा द्यायचा तशी.