आधीच वाटलेले पेढे

तानुबाईने डॉक्टरांना भेटायच्या आधीच पेढे वाटून टाकले. नातीने, रश्मीने, सकाळी फोनवर रिपोर्ट वाचून सांगितलं होतं की आजोबांच्या, म्हणजे भिवाच्या, हृदयातली गाठ साधी आहे, कॅन्सर नाही. त्यानंतर तानुबाई कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हती. पिंपरी कॅम्पातून अर्धा किलो घेऊनच ती दवाखान्यात आली. बाकावरच्या सगळ्यांना एकेक दिला, वॉर्डबॉयला दोन.

शेजारच्या खैरुन्निसाने आपला पेढा रुमालात बांधून ठेवला. तिचा मुलगा नदीम आत तपासणीला गेला होता, त्याच्याही हृदयात गाठ दिसली होती. "तो आला की अर्धा अर्धा खाऊ," ती म्हणाली.

तेवढ्यात भिवाचं नाव पुकारलं. दोघं नवराबायको आत गेली.

डॉक्टरांनी पेढा घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. "बाबा, गाठ साधी आहे हे खरं. पण ती झडपेवर बसलीये, आणि झडप आधीच आवळत चाललीये. रक्ताला वाट उरली नाही."

"मंग वाट मोठी करा की," तानुबाई म्हणाली. "आमच्या जयमालाच्या सासऱ्याची मांडीतनं नळी घालून केली. चौथ्या दिशी घरी आला."

"त्यांना गाठ नव्हती, आजी. नळीच्या धक्क्याने या गाठीचा तुकडा सुटला तर तो मेंदूत जाईल."

भिवाने मान हलवली. महाळुंग्याच्या वर्कशॉपमध्ये त्याने तीस वर्षं ग्राइंडरवर लोखंड घासलं होतं. सुटलेला कीस मशीनमध्ये शिरला की काय होतं, हे त्याला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती.

"छाती उघडून काढा मंग," तो म्हणाला.

"तुमची फुप्फुसं धुळीने भरलीत, बाबा. भूल दिली तर तुम्ही परत उठायचे नाही."

"म्हंजे हिकडनं न्हाई, तिकडनंबी न्हाई."

"गोळ्या देतो. दम जरा कमी लागेल."

"किती दिवस?" तानुबाईने विचारलं.

"वर्ष निघणं अवघड आहे."

तानुबाईला संताप आला. कुणाचा, ते तिचं तिलाच कळेना. "मंग साधी कशाला म्हनता तिला?" ती म्हणाली. डॉक्टर गोळ्यांची चिठ्ठी लिहीत राहिले.

भिवा भिंतीला धरून बाहेर आला आणि पहिल्याच बाकावर टेकला. नदीम तपासणी आटपून आला होता. खैरुन्निसा रुमाल सोडून पेढ्याचे दोन भाग करायला लागली होती. तानुबाईला पाहून तिचा चेहरा उजळला.

"मावशी, याचा रिपोर्ट उद्या येणारे. तुमच्या मालकांसारखाच येऊ दे, एवढी दुआ करा."

तानुबाईने खैरुन्निसाच्या बोटांतला पेढा काढून घेतला, स्वतःच्या डब्यात टाकला आणि झाकण दाबून बसवलं. दिलेला पेढा कुणी परत घेताना खैरुन्निसाने जन्मात पाहिलं नव्हतं. ती रिकाम्या रुमालाकडे बघत राहिली.

"ह्यो नगं, पोरी," तानुबाई म्हणाली. "त्याला दुसरा आन."