शिट्टीवाल्या काकांचे दहा गुण

पहिला फोटो आला तेव्हा नत्थूजी बागेच्या फाटकाशी उभे राहून तर्री-पोहे खात होते. डॉक्टरांनी तर्री बंद केल्याला वर्ष झालं होतं. मिनलने त्या टीमला दहा गुण दिले.

मंडळाचा मोबाईल ट्रेझर हंट सक्करदरा तलावाजवळच्या बागेत रंगात आला होता. मोबाईलवर क्लू यायचा, पोरं-पोरी धावायची, सापडलेल्या वस्तूचा फोटो ग्रुपवर टाकायची. वडाची पारंबी, बंद पडलेलं कारंजं, आणि जादा गुणांसाठी ‘शिट्टीवाले काका, नको ते करताना’. खेळ मिनलने आखला होता. मंडळाला त्यात तरुणांचं निसर्गप्रेम दिसलं. त्यांनी टी-शर्टही छापून दिले.

नत्थूजी रिटायर्ड होते आणि बागेतली नीतिमत्ता त्यांनी स्वतःहून अंगावर घेतली होती. जोडपं दिसलं की शिट्टी. नाही उठलं की फोटो. मिनलच्या वडिलांशी त्यांची भिशीतली ओळख. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मिनल आणि मोहितचा फोटो वडिलांना पाठवला होता, खाली लिहून: ‘आपल्या मुलीचे संस्कार पाहून घ्या.’ वडिलांनी पाहिले आणि तिला सहा महिने कन्हानला मावशीकडे धाडलं. ती परत येईपर्यंत मोहितला हळद लागली होती.

दुसऱ्या फोटोत नत्थूजी मागच्या कोपऱ्यातल्या बाकावरून एका जोडप्याला हुसकावत होते. तिसऱ्या फोटोत त्याच बाकावर ते स्वतः बसले होते. शेजारी एक बाई, पाठमोरी, डोक्यावर पदर. नत्थूजी शेंगा सोलून दाणे तिच्या तळहातावर ठेवत होते.

मिनलने गुण द्यायचे सोडून आधी फोन नंबर शोधला. नत्थूजींची सून खुशी तिच्याच शिवणक्लासात होती. फोटोखाली तिने लिहिलं, ‘आपल्या सासऱ्यांचे संस्कार पाहून घ्या.’

“नको पाठवू वं,” खेळात तिच्या जोडीला असलेला सौरव म्हणाला. “बुढ्ढा शरमेनं मरून जाईल ना.”

“मी मेली का तेव्हा?” मिनल म्हणाली, आणि पाठवला.

खुशीचं उत्तर लगेच आलं. व्हॉइस मेसेज. मागे टीव्ही, लेकरांची भांडणं आणि कुकर.

“अवं, ह्या तर आमच्या सासूबाई होय! दोन खोल्यांत आम्ही सहा जण. दोघायले चार गोष्टी बोलाले घरात जागाच नाही, म्हणून रोज संध्याकाळी तिकडे जाऊन बसतेत. बाक रिकामा भेटत नाही, म्हणून तर बाबानं शिट्टी घेतली. फोटो मस्त आला वं!”

सौरवला हायसं वाटलं. “घ्या. बुढ्ढ्याची बी तुह्यावानीच गत हाय.”

मिनलने मेसेज पुन्हा एकदा ऐकला. मग शेवटचा क्लू लिहायला घेतला. सौरव तिच्या खांद्यावरून वाचत होता.

“पण खजिना तर माह्या गाडीच्या डिक्कीत हाय!”

“शोधू दे,” मिनल म्हणाली.

बागभर पसरलेले मोबाईल एकदम वाजले: ‘खजिना मागच्या कोपऱ्यातल्या बाकाखाली आहे. बसलेल्यांना उठवल्याशिवाय मिळणार नाही.’