तिघांचं एकमत

परिचारिका अण्णांच्या दंडावर सुई टोचणार, इतक्यात हेमांगीने तिचा हात धरला. औषधांना परवानगी देणाऱ्या मंडळात हेमांगी अधिकारी होती. हे नवं औषध जिल्हा, राज्य आणि केंद्र अशा तिन्ही पातळ्यांवरच्या औषधं तपासणाऱ्या बुद्धिमान यंत्रांनी क्षणात एकमताने मंजूर केलं होतं, आणि त्यावर मंडळाचा शिक्का तिनेच मारला होता. माणसांच्या बैठकीत चहातल्या साखरेवरही एकमत होत नसे. इथे मात्र एकही शंका नाही? आता वडिलांचा दंड समोर आल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिने भिंतीवरच्या पडद्यावर तिघांनाही बोलावलं. "का मंजूर केलंत?"

"राज्याने केलं म्हणून," जिल्ह्याचं यंत्र म्हणालं.

"केंद्राने तपासलंच असणार," राज्याचं म्हणालं.

केंद्राचं यंत्र अदबीने म्हणालं, "जिल्ह्याने हरकत घेतली नाही. रुग्णांच्या जवळ तेच असतं."

"म्हणजे तपासलं कुणीच नाही?"

"आमच्यात उत्तम सहकार्य आहे," तिघंही एका सुरात म्हणाली.

हेमांगी घाबरून वळली. "अण्णा, तुम्ही तरी काही न विचारता हो कसं म्हणालात?"

अण्णांनी बाही आणखी वर सरकवली.

"विचारायचं काय त्यात? तू आहेस ना तिथे!"