मुठीतली चिप

मी मॅरेथॉन पूर्ण केली. नाही, असं काही घडलंच नाही. निकालात माझ्या नावापुढे 'सुरुवात केली नाही' छापलंय, तर आपणही तसंच धरू. शर्यतीआधी पाजलं तरी बाळाने आकांत मांडला, म्हणून वेळ मोजणारी चिप बुटावरून काढून त्याच्या मुठीत दिली. ते गप्प झालं, मी चिप विसरून धावले. परतले तेव्हा टीशर्टवर दुधाचे दोन डाग, पायांत गोळे. "झालं फिरून?" सासूबाई म्हणाल्या. "याला धर आता." नवरा निकाल वाचून हसला. "अगं, तू तर जागची हललीच नाहीस!" बाळ चिप चोखत होतं. मग मी संयोजकांना अर्ज केला: 'आपल्या नोंदीनुसार मी अद्याप सुरुवातीच्या रेषेवरच उभी आहे. कृपया दुरुस्ती करू नये. पुढील आदेशापर्यंत मला तिथेच राहू द्यावे व तसे घरी कळवावे, ही विनंती.'