विमानाने जाणारी सायकल

"सोड ती दोरी," कमलाकांत म्हणाला.

दादूने हातगाडी गेटाच्या आतच थांबवली. गाडीवर गोणपाटात गुंडाळलेलं एक चपटं बोचकं आडवं बांधलेलं होतं.

"सायकल हाय भाऊ. ब्रूक्स साहेबाची. साहेब सकाळी मोटारीनं गेला नाय का? ही मागनं त्याच्या विमानात जायची."

"सायकल? विमानात?"

"माणूस जातो, तर सायकल का नाय जायची?"

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामावर आलेल्या परदेशी साहेबांच्या वसाहतीला हे एकच गेट, आणि त्यावर बोईसरचा कमलाकांत पहारेकरी. मागच्या महिन्यात इथूनच कोंड्याच्या पोत्यातून तांब्याची तार गेली होती. ते पोतं त्यानेच गेटाबाहेर जाऊ दिलं होतं. "पुन्हा या गेटातून चोरीचा माल गेला, तर त्याच्यामागून तू जायचंस," असं सुरक्षा अधिकाऱ्यांनी बजावलं होतं. तेव्हापासून तो दूधवाल्याच्या किटलीतही बॅटरी मारून बघे.

कुलपावरही त्याचा विश्वास नव्हता. कुलूप तोडता येतं. स्वतःची सायकल तो केबिनमागे जांभळाखाली लावी, दोन्ही चाकांची हवा सोडी आणि सीट उपसून केबिनमध्ये आणून ठेवी. जिच्यावर बसता येत नाही, जी चालवता येत नाही, ती चोर नेणार कशाला?

दादू दांडी गावच्या कोळीवाड्यातला. वसाहतीतल्या सायकली दुरुस्त करायला रोज येई. म्हणून तर कमलाकांतला संशय जास्त. कुठल्या नळीत काय मावतं, ते अशा माणसाला नेमकं ठाऊक.

त्याने गोणपाटावरून चाक दाबलं. मऊ लागलं.

"हवा का नाय यात?"

"वर गेल्यावर टायर फुगतो, फुटतो. काढूनच द्यायला लागते."

ट्यूबमधून दारू जाते, हे कमलाकांतने ऐकलं होतं. त्याने दोन्ही चाकं गोल चाचपली. आत काही हललं नाही.

हँडल वळवून सांगाड्याला चिकटवून बांधलं होतं. पायडलं काढून फडक्यात ठेवली होती. त्याने फडकं सोडलं. डाव्या पायडलाचं रबर अर्धं झिजलेलं.

"साहेबाची सायकल, आणि हे असलं रबर?"

"साहेब लोक चालवतात भाऊ, तुमच्यासारखं पुसत नाय बसत."

"सीट कुठाय?"

दादूने पायडलांचं फडकं पुन्हा गुंडाळलं. "ती साहेबानं हातात नेली. चामड्याची हाय. वाटेत कुणी मारंल म्हनाला."

कमलाकांतने मान हलवली. सीट स्वतःजवळ ठेवणारा दुसरा माणूस त्याला आजवर भेटला नव्हता. ब्रूक्स साहेबाबद्दल त्याला आदर वाटला.

पण सीट नाही म्हणजे नळीचं तोंड उघडं. तेवढ्या जागी त्याने गोणपाट फाडलं, एक डोळा मिटला आणि आत बॅटरी मारली. मग एक लांब तार घालून तळापर्यंत ढोसून पाहिलं.

"आता माझ्या पोटात पन बघा," दादू म्हणाला. "सकाळी बोंबील खाल्लेत."

"बघितलं असतं. पण वास मारतोस."

नळीत काही नव्हतं. कमलाकांतने गोणपाटावर खडूने फुली मारली आणि गेट उघडलं. पुढच्या चढावर हातगाडी अडली, तेव्हा त्याने मागून हातही लावला.

संध्याकाळी सुरक्षा अधिकारी आले ते एका हिरव्या सायकलवरून. कमलाकांतची पाळी संपली होती. पंप बगलेत आणि सीट हातात घेऊन तो केबिनमधून बाहेर पडत होता.

"कशी आहे?" अधिकाऱ्यांनी घंटी वाजवून दाखवली. "ब्रूक्स साहेब जाताना मला देऊन गेले. म्हणाले, विमानात कुठे घेऊन जाऊ!"

कमलाकांतने मान वळवली. जांभळाखाली नुसता पाचोळा होता.

"काय रे? आज गेटातून काही गेलं नाही ना?"

त्याने सीट पाठीमागे धरली.

"नाय साहेब," तो म्हणाला. "काय सुद्धा नाय."